दंत पुनर्स्थापना

दंत पुनर्स्थापना म्हणजे किडलेल्या, झिजलेल्या, तुटलेल्या किंवा पूर्णपणे गमावलेल्या दातांचा आकार, कार्य आणि स्वरूप कृत्रिम साहित्याच्या साहाय्याने पूर्ववत करणाऱ्या उपचारांचा समूह होय. दातातील पोकळी भरणे, दातावर टोपी बसवणे, शेजारच्या दातांच्या आधाराने पूल बांधणे, कवळी आणि दंतारोपण हे त्यांचे प्रमुख प्रकार आहेत. व्यवहारात त्यांना ‘सिमेंट भरणे’, ‘चांदी भरणे’, ‘कॅप घालणे’, ‘दात बसवणे’ अशा नावांनी ओळखले जाते.

यांपैकी कोणताही उपचार नैसर्गिक दात पुन्हा निर्माण करत नाही. प्रत्येक उपचार तोंडात जे शिल्लक आहे त्यावर उभा राहतो. भरणाला उरलेल्या दाताचा, टोपीला मुळाचा, पुलाला शेजारच्या दातांचा, कवळीला हिरडीचा आणि दंतारोपणाला जबड्याच्या हाडाचा आधार लागतो. म्हणून उपचाराची निवड प्रामुख्याने काय गेले यापेक्षा काय उरले यावर ठरते, आणि विलंबामुळे उपलब्ध पर्याय कमी होत जातात.

## दाताची रचना

प्रौढ माणसाच्या तोंडात अक्कलदाढा धरून ३२ दात असतात, तर दुधाचे दात २० असतात. हिरडीच्या बाहेर दिसणाऱ्या भागास दंतशीर्ष आणि हाडात रुतलेल्या भागास मूळ म्हणतात. दंतशीर्षावर एनॅमलचे आवरण असते. एनॅमल हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. परंतु तो तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येण्यापूर्वीच नष्ट होत असल्याने एकदा गेलेले एनॅमल शरीराला पुन्हा तयार करता येत नाही. त्याच्या आत डेंटिन हा तुलनेने मऊ थर असतो आणि मध्यभागी रक्तवाहिन्या व चेतातंतू असलेला पल्प असतो.

दाताचे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंचा एक पातळ थर असतो. चावताना पडणारा दाब हे तंतू झेलतात आणि किती जोराने चावले जात आहे याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचवतात. हा थर कोणत्याही कृत्रिम दाताला नसतो.

## दात निकामी होण्याची कारणे

दंतक्षय म्हणजेच दात किडणे आणि हिरड्यांचे विकार ही दात गमावण्याची दोन मुख्य कारणे आहेत. दंतक्षयात तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात व त्या आम्लामुळे एनॅमलमधील खनिजे विरघळतात. हिरड्यांच्या विकारात, ज्याला पूर्वापार ‘पायोरिया’ म्हटले जाते, दात स्वतः शाबूत असला तरी त्याच्या भोवतीचे हाड झिजते आणि दात हलू लागतो. अपघात, दात खाण्याची सवय, आम्लामुळे होणारी झीज, कर्करोगावरील शस्त्रक्रिया आणि काही दात जन्मतःच नसणे ही इतर कारणे होत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता विकार आहे. वीस वर्षांवरील सुमारे ७ टक्के, तर साठ वर्षांवरील सुमारे २३ टक्के लोकांनी सर्व दात गमावलेले आहेत.

## दात गेल्यानंतर होणारे बदल

दात काढल्यावर जखम काही आठवड्यांत भरून येते, पण बदल तेथे थांबत नाहीत. जबड्याचा दात धरून ठेवणारा भाग दातासाठीच अस्तित्वात असतो. दात गेल्यावर तो विरघळू लागतो. पहिल्या वर्षात या हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने कमी होऊ शकते आणि त्यातील बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. त्यानंतर झिजेचा वेग मंदावतो, परंतु ती आयुष्यभर चालू राहते. आन्त्ये टॅलग्रेन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पूर्ण कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांची २५ वर्षांपर्यंतची निरीक्षणे होती. खालच्या जबड्याची झीज वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट असल्याचे त्यांत आढळले.

मधलाच एखादा दात गेल्यास शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात आणि समोरच्या जबड्यातील दात चावायला जोडीदार न राहिल्याने हळूहळू बाहेर सरकतो. त्यामुळे दातांत फटी पडतात, अन्न अडकते आणि चांगल्या दातांनाही कीड लागते. पुढचे दात गेल्यास ‘त’, ‘थ’, ‘फ’, ‘स’ यांसारख्या वर्णांचे उच्चार बिघडतात. सर्व दात गेल्यास चेहऱ्याच्या खालच्या भागाची उंची कमी होते, ओठ आत जातात आणि भाकरी, कच्च्या भाज्या, शेंगदाणे असे कडक पदार्थ आहारातून वगळले जातात.

## किडलेल्या किंवा तुटलेल्या दातावरील उपचार

### भरण

कीड मर्यादित असल्यास ती कोरून काढून पोकळी भरली जाते. यासाठी मुख्यतः तीन प्रकारचे साहित्य वापरले जाते.

अमाल्गम हे चांदी, कथील व तांबे यांची भुकटी पाऱ्यात मिसळून तयार होते. त्यात सुमारे निम्मा पारा असतो. ते टिकाऊ आणि स्वस्त असते, परंतु दाताला चिकटत नाही. ते अडकून राहावे यासाठी पोकळीला विशिष्ट आकार द्यावा लागतो आणि त्यात थोडा निरोगी दातही कापला जातो. पाऱ्यामुळे होणारे प्रदूषण रोखण्यासाठी २०१३ मध्ये झालेल्या मिनामाता करारात अमाल्गमचा वापर कमी करत नेण्याची तरतूद आहे. भारताने २०१८ मध्ये या करारास मान्यता दिली. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून काही वैद्यकीय अपवाद वगळता अमाल्गमच्या वापरावर बंदी घातली आहे.

काँपोझिट हे राळेसारख्या प्लॅस्टिकमध्ये काचेचे सूक्ष्म कण मिसळून बनवलेले, दाताच्या रंगाचे साहित्य आहे. एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल लावून ते खरखरीत केले जाते, त्यावर चिकटद्रव्य लावले जाते आणि निळ्या प्रकाशाने काँपोझिट कडक केले जाते. ते दाताला चिकटत असल्याने फक्त किडलेला भाग काढणे पुरेसे ठरते. काम चालू असताना दात पूर्ण कोरडा ठेवावा लागतो. लाळ लागल्यास बंध कमकुवत होतो.

ग्लास आयोनोमर सिमेंट दाताशी रासायनिकरीत्या जोडले जाते आणि फ्लोराइड सोडत राहते. ते अमाल्गम किंवा काँपोझिटइतके मजबूत नसते. मात्र वीज व यंत्रे नसलेल्या ठिकाणी केवळ हाताच्या हत्यारांनी कीड काढून ते भरता येते. ही पद्धत १९८०च्या दशकात टांझानियात विकसित झाली आणि पुढे शाळांमधील व ग्रामीण भागातील शिबिरांत वापरली जाऊ लागली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ग्लास आयोनोमरचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

### रूट कॅनाल उपचार

कीड पल्पपर्यंत पोहोचल्यास तीव्र वेदना होतात व पुढे मुळाशी पू होतो. अशा वेळी पल्प काढून मुळातील नलिका स्वच्छ केल्या जातात आणि त्या गटापर्चा या रबरसदृश पदार्थाने भरल्या जातात. दाताची संवेदना नाहीशी होते. परंतु मूळ आणि त्याभोवतीचे तंतू कायम राहतात, त्यामुळे हाडही टिकते. मोठ्या प्रमाणात कोरला गेलेला दात ठिसूळ झालेला असतो. म्हणून विशेषतः दाढांवर या उपचारानंतर टोपी बसवली जाते. टोपी न बसवल्याने दाढ उभी चिरली गेल्यास ती बहुधा काढावीच लागते.

### टोपी

उरलेला दात भरण पेलू शकत नसेल, तर तो सर्व बाजूंनी घासून त्यावर टोपी बसवली जाते. टोपी धातूची, धातूवर पोर्सेलीन चढवलेली, पूर्ण सिरॅमिकची किंवा झिर्कोनियाची असते. झिर्कोनिया अत्यंत मजबूत असल्याने ते मागच्या दाढांसाठीही वापरले जाते.

टोपीसाठी दात बराच घासावा लागतो. पुढच्या दातांच्या बाबतीत पूर्ण टोपीसाठी दंतशीर्षाचा ६३ ते ७२ टक्के भाग काढला जातो, असे २००२ मधील एका मोजमापात आढळले. त्याच अभ्यासात व्हेनियरसाठी, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूस चिकटवल्या जाणाऱ्या सिरॅमिकच्या पातळ पापुद्र्यासाठी, हे प्रमाण ३ ते ३० टक्के होते. म्हणून केवळ रंग किंवा किरकोळ वेडेवाकडेपणा सुधारण्यासाठी निरोगी दातांवर टोप्या बसवणे टाळले जाते. भरण आणि टोपी यांच्या मधला पर्याय म्हणून इनले व ऑनले वापरले जातात. हे प्रयोगशाळेत किंवा संगणकनियंत्रित यंत्रावर तयार केलेले तुकडे असून ते पोकळीत किंवा दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावर चिकटवले जातात.

## गमावलेल्या दातांवरील उपचार

### पूल

पुलामध्ये रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर टोप्या बसवल्या जातात आणि मधला कृत्रिम दात त्या टोप्यांना जोडलेला असतो. पूल तोंडात पक्का बसतो व काही भेटींतच तयार होतो. चांगल्या रीतीने केलेले दहापैकी सुमारे नऊ पूल दहा वर्षांनंतरही वापरात असतात. मात्र शेजारचे दात निरोगी असल्यास एका दातासाठी दोन दात घासावे लागतात. पुढे या आधारदातांपैकी एकास कीड लागल्यास संपूर्ण पूल निकामी होतो. मधल्या कृत्रिम दाताखालील हाडाची झीजही पुलामुळे थांबत नाही.

शेजारचे दात जवळजवळ न घासता, त्यांच्या आतील बाजूस पातळ पंख चिकटवून बसवला जाणारा पूल ‘मेरीलँड पूल’ या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस विकसित झाल्यामुळे त्यास हे नाव पडले. तो मुख्यतः पुढच्या दातांसाठी उपयुक्त असतो.

### कवळी

कवळी म्हणजे काढता-घालता येणारे कृत्रिम दात. काही दात शिल्लक असताना अंशतः कवळी वापरतात. ती अॅक्रिलिकची किंवा क्रोमियम-कोबाल्ट मिश्रधातूच्या सांगाड्याची असते आणि आकड्यांनी उरलेल्या दातांना धरून राहते. सर्व दात गेल्यावर पूर्ण कवळी बसवली जाते.

पूर्ण कवळी तयार करताना प्रथम जबड्यांची मापे घेतली जातात. त्यानंतर दोन्ही जबडे परस्परांवर कसे व किती उंचीवर मिटतात याची नोंद होते, मेणावर दात लावून ते तोंडात घालून पाहिले जातात आणि शेवटी मेणाच्या जागी अॅक्रिलिक घातले जाते. मेणाच्या टप्प्यावर दातांचा रंग, आकार आणि ओठांना मिळणारा आधार बदलता येतो, म्हणून रुग्णाची संमती याच वेळी घेतली जाते.

वरची कवळी टाळूवर पसरलेली असते व कवळी आणि टाळू यांच्यामधील लाळेच्या पातळ थरामुळे ती धरून राहते. खालच्या कवळीला आधारासाठी त्याच्या सुमारे निम्मे क्षेत्र मिळते आणि जिभेच्या हालचालींमुळे ती उचलली जाते. ‘कवळी हलते’ ही तक्रार बहुतेक वेळा खालच्या कवळीची असते. पूर्ण कवळीने चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या सुमारे एक चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी असते. हाड झिजत राहिल्याने चांगली बसणारी कवळीही कालांतराने सैल होते. तेव्हा आतील बाजूस नवा थर देऊन ती पुन्हा बसवता येते, अन्यथा नवी करावी लागते.

### दंतारोपण

दंतारोपणात टायटॅनियमचा एक स्क्रू शस्त्रक्रियेने जबड्याच्या हाडात बसवला जातो. हाड त्याच्या पृष्ठभागाशी एकजीव झाले की त्यावर जोडभाग आणि जोडभागावर टोपी बसवली जाते. पारंपरिक पद्धतीत एकजीव होण्यासाठी खालच्या जबड्यात तीन ते चार महिने आणि वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने थांबले जाते. नव्या पृष्ठभागांमुळे हा काळ कमी झाला आहे व काही निवडक रुग्णांत तात्पुरता दात त्याच दिवशी बसवता येतो.

शेजारचे दात न घासता गेलेल्या जागी दात बसवता येणे आणि आजूबाजूचे हाड बऱ्याच अंशी टिकणे हे दंतारोपणाचे प्रमुख फायदे आहेत. दहा वर्षांनंतर टिकून राहणाऱ्या रोपणांचे प्रमाण अनेक अभ्यासांत ९० टक्क्यांहून अधिक आढळले आहे. परंतु स्क्रू आणि हाड यांच्यामध्ये नैसर्गिक दाताप्रमाणे तंतूंचा थर नसल्याने चावण्याच्या दाबाची जाणीव कमी असते. रोपणाला कीड लागत नाही. तथापि स्वच्छता न राखल्यास त्याच्या भोवतालच्या हिरडीला व हाडाला जंतुसंसर्ग होतो आणि हाड झिजून रोपण निकामी होते.

तंबाखूचे व्यसन, अनियंत्रित मधुमेह, हिरड्यांचा उपचार न झालेला विकार आणि जबड्यावर झालेला किरणोपचार यांमुळे अपयशाची शक्यता वाढते. हाडांच्या ठिसूळपणावर किंवा कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या बिस्फॉस्फोनेट गटातील औषधांमुळे जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका असतो. म्हणून अशी औषधे घेणाऱ्या रुग्णांनी दात काढण्यापूर्वी किंवा रोपणापूर्वी त्याची माहिती देणे आवश्यक असते. हाड अपुरे असल्यास कलम करून ते वाढवावे लागते. त्यामुळे खर्च आणि कालावधी दोन्ही वाढतात.

पूर्ण कवळीलाही रोपणाचा आधार देता येतो. खालच्या जबड्यात दोन रोपणे बसवून त्यांवर कवळी अडकवली, तर ती हलत नाही. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने सर्व दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच प्रथम पसंतीचा उपचार असावा, असे मत मांडले.

### निखळलेल्या दाताचे पुनर्रोपण

अपघातात कायमचा दात मुळासकट बाहेर पडल्यास तोच दात परत बसवता येऊ शकतो. दात मुळाकडून न धरता दंतशीर्षाकडून धरावा. तो घासू नये. माती लागली असल्यास दुधाने किंवा सलाइनने क्षणभर धुऊन लगेच जागेवर बसवावा. ते शक्य नसल्यास थंड दुधात ठेवून तातडीने दंतवैद्याकडे न्यावा. साध्या पाण्यात किंवा कोरड्या कापडात ठेवल्यास मुळावरील पेशी मरतात. दात तासाभरापेक्षा अधिक काळ कोरडा राहिल्यास यशाची शक्यता खूपच कमी होते. दुधाचे दात परत बसवले जात नाहीत, कारण त्यामुळे खाली वाढत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

## उपचारांची तुलना

| उपचार | आधार | काय द्यावे लागते | मुख्य धोका |
|---|---|---|---|
| भरण | उरलेला दात | किडलेला भाग | कडेने पुन्हा कीड लागणे |
| टोपी | मूळ व उरलेले दंतशीर्ष | दंतशीर्षाचा मोठा भाग | कडेखाली कीड, पल्पला इजा |
| पूल | शेजारचे दात | शेजारच्या दातांचे एनॅमल | आधारदात निकामी होणे |
| कवळी | हिरडी व हाड | नैसर्गिक दात घासावे लागत नाहीत किंवा अल्प घासावे लागतात | सैल होणे, हाडाची झीज |
| दंतारोपण | जबड्याचे हाड | शस्त्रक्रिया, अधिक वेळ व खर्च | रोपणाभोवती जंतुसंसर्ग |

## उपचाराची निवड

उपचार ठरवताना उरलेल्या दातांची व हिरड्यांची अवस्था, हाडाचे प्रमाण, वय, इतर आजार, स्वच्छता राखण्याची क्षमता आणि खर्च या बाबी विचारात घेतल्या जातात. हाडाचा अंदाज क्ष-किरण चित्रावरून आणि आवश्यक तेथे त्रिमितीय स्कॅनवरून घेतला जातो. हिरड्यांचा विकार असल्यास आधी तो आटोक्यात आणला जातो. जबड्याची वाढ चालू असेपर्यंत सामान्यतः दंतारोपण केले जात नाही, कारण शेजारचे दात वाढीबरोबर पुढे सरकतात आणि रोपण जागच्या जागी राहते.

प्रत्येक गेलेला दात बसवलाच पाहिजे असेही नाही. नेदरलँड्समधील आर्नड कायझर यांनी १९८१ मध्ये असे दाखवून दिले की मागच्या काही दाढा नसल्या तरी पुढचे दात आणि उपदाढा शाबूत असल्यास बहुतेक लोक समाधानकारकपणे चावू शकतात. उरलेले सुमारे वीस दात चांगल्या स्थितीत राखणे हे काही रुग्णांसाठी अधिक हिताचे असते.

## इतिहास

इ.स.पू. ७व्या शतकाच्या सुमारास इटलीतील एट्रुस्कन लोक सोन्याच्या पट्ट्यांनी कृत्रिम दात शेजारच्या दातांना जोडत असत. होंडुरासमध्ये १९३१ साली सापडलेल्या इ.स. ६००च्या सुमाराच्या एका माया जबड्यात खालच्या तीन पुढच्या दातांच्या जागी शिंपल्याचे कोरीव तुकडे बसवलेले आहेत. त्यांच्याभोवती हाड वाढल्याचे १९७०मधील क्ष-किरण चित्रांत दिसून आले, म्हणजेच ते व्यक्ती जिवंत असताना बसवलेले होते. जपानमध्ये १६व्या शतकात लाकूड कोरून पूर्ण कवळ्या बनवल्या जात.

फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांच्या १७२८ मधील ग्रंथाने आधुनिक दंतवैद्यकाचा पाया घातला. त्या काळी युरोप-अमेरिकेत कवळ्या हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि माणसांचे दात यांपासून बनत. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची कवळी लाकडी होती असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात त्यांच्या कवळ्यांत हस्तिदंत, धातू आणि माणसांचे व प्राण्यांचे दात होते. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मृत सैनिकांचे दात काढून विकले गेले व अशा दातांना ‘वॉटर्लूचे दात’ हे नाव पडले. न कुजणारे पोर्सेलीनचे दात १८व्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये तयार झाले.

कडक केलेल्या रबरामुळे, म्हणजे व्हल्कनाइटमुळे, १९व्या शतकाच्या उत्तरार्धात कवळी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. मात्र अमेरिकेत एका कंपनीकडे त्याचे एकस्व होते आणि परवाना शुल्क न देणाऱ्या दंतवैद्यांवर ती खटले भरत असे. या वादातून १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे एका दंतवैद्याने कंपनीचे अधिकारी जोसाया बेकन यांचा खून केला. १८८१ मध्ये एकस्वाची मुदत संपल्यावर व्हल्कनाइट सर्वांना खुले झाले. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची जागा गुलाबी अॅक्रिलिकने घेतली व आजही बहुतेक कवळ्या त्याच्याच बनतात.

अमाल्गमचा वापर १९व्या शतकाच्या पूर्वार्धात पसरला. अमेरिकेतील जी. व्ही. ब्लॅक यांनी त्याचे प्रमाण निश्चित केले आणि पोकळी कोरण्याचे नियम घालून दिले. पुढे कीड लागू नये म्हणून शेजारच्या निरोगी खाचाही कोराव्यात, हा त्यांचा नियम अनेक दशके शिकवला गेला. मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये आम्लाने खरखरीत केलेल्या एनॅमलला राळ चिकटते हे दाखवले. धातूला रंग नीट बसावा म्हणून उद्योगांत फॉस्फोरिक आम्ल वापरतात, यावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. या शोधामुळे आणि राफाएल बोवेन यांनी १९६०च्या दशकाच्या प्रारंभी तयार केलेल्या राळेमुळे काँपोझिट शक्य झाले. निरोगी भाग न कोरता दात वाचवण्याची पद्धतही त्यातूनच रूढ झाली.

स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे १९५२ मध्ये सशांच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. निरीक्षणासाठी बसवलेला टायटॅनियमचा कक्ष हाडाशी इतका एकजीव झाला होता की तो काढता येईना. या घटनेला पुढे त्यांनी ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असे नाव दिले. १९६५ मध्ये त्यांनी यॉस्ता लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात पहिली रोपणे बसवली. २००६ मध्ये लार्सन यांच्या मृत्यूपर्यंत ती वापरात होती. १९८२ मध्ये टोरोंटो येथील परिषदेनंतर या पद्धतीला जगभर मान्यता मिळाली. १९८५ मध्ये झुरिक येथे संगणकाच्या साहाय्याने एकाच भेटीत सिरॅमिकचे भरण तयार करून प्रथम रुग्णाला बसवण्यात आले.

## निगा

कृत्रिम दातांना नैसर्गिक दातांइतकीच, काही बाबतींत अधिक निगा लागते. टोपी आणि पूल यांच्या कडेशी, जेथे दात व टोपी यांची सांध असते, तेथे कीड लागण्याची शक्यता सर्वाधिक असते. पुलाखालून विशेष दोरा किंवा बारीक ब्रश फिरवून अन्नकण काढावे लागतात.

कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी, म्हणजे हिरडीला विश्रांती मिळते व अॅक्रिलिक सुकत नाही. उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो. दिवसरात्र कवळी घालून ठेवणाऱ्यांच्या टाळूवर कँडिडा या बुरशीमुळे लाली व जळजळ होते. कवळी वापरणाऱ्यांनीही वर्षातून एकदा तपासणी करून घेणे इष्ट असते, कारण तोंडातील दोन आठवड्यांहून अधिक काळ न भरणारी जखम ही कर्करोगाची खूण असू शकते.

## भारत व महाराष्ट्रातील स्थिती

भारतातील पहिले दंत महाविद्यालय रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकाता येथे सुरू केले. दंतवैद्यकाच्या शिक्षणाचे व व्यवसायाचे नियमन करणारा दंतवैद्य अधिनियम १९४८ मध्ये झाला. त्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग स्थापन करण्याचा कायदा २०२३ मध्ये संसदेने संमत केला. टोपी, पूल, कवळी व दंतारोपण हे विषय प्रोस्थोडॉन्टिक्स या, तर भरण व रूट कॅनाल हे विषय कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री व एंडोडॉन्टिक्स या तीन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत शिकवले जातात. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईतील नायर रुग्णालय दंत महाविद्यालय महापालिकेचे आहे, तर गोव्याचे शासकीय दंत महाविद्यालय बांबोळी येथे आहे. या संस्थांच्या रुग्णालयांत खासगी दवाखान्यांच्या तुलनेत अल्प दरात उपचार होतात.

महाराष्ट्राच्या काही भागांत, विशेषतः ग्रामीण स्त्रियांमध्ये, भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावण्याची सवय आढळते. तिने दात स्वच्छ होत नाहीत; उलट हिरड्या मागे सरकतात, मुळे उघडी पडतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो. सुपारी व गुटख्यामुळे गालाच्या आतील ऊती कडक होऊन तोंड उघडणे कमी होते. अशा रुग्णाचे दात बसवण्यासाठी माप घेणेही अवघड होते, कारण मापाचा साचा तोंडात जाऊ शकत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याने दातांवर पांढरे व तपकिरी डाग पडतात. त्यांवर काँपोझिट किंवा व्हेनियरचा उपचार केला जातो.

सर्वसाधारण आरोग्यविम्यात अपघात वगळता दंतोपचारांचा समावेश बहुधा नसतो. त्यामुळे खर्च रुग्णालाच करावा लागतो आणि उपचार लांबणीवर पडतो. या विलंबात एका भेटीत भरता येणारी पोकळी रूट कॅनालपर्यंत, रूट कॅनालने वाचणारी दाढ काढण्यापर्यंत आणि काढलेल्या दाढेची जागा हाड झिजण्यापर्यंत पोहोचते. प्रत्येक टप्प्यावर उपचार अधिक महाग व त्याचा आधार अधिक कमी होतो.

## प्रतिबंध

फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा दात घासणे, साखरेचे सेवन कमी करणे, तंबाखू व सुपारी टाळणे आणि नियमित तपासणी यांमुळे बहुतेक दात वाचवता येतात. वयाच्या ८०व्या वर्षी किमान २० नैसर्गिक दात टिकवण्याचे उद्दिष्ट ठेवून जपानने १९८९ मध्ये ‘८०२०’ ही मोहीम सुरू केली. त्या वेळी हे उद्दिष्ट गाठणाऱ्यांचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी होते. २०१६ च्या सर्वेक्षणात ते ५१.२ टक्के आढळले.